तळ्याकाठचा घाम : वऱ्हाडातल्या स्नानाचा एक इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांचे फोन आले. सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता आंघोळीवर बोलणार? त्यांना म्हटलं, या आणि ऐका. पण कारण सांगायला हवं. हे व्याख्यान म्हणजे मी दिलेल्या एका चुकीच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त फिनलंडला असतो. तो आणि त्याची बायको गाडी काढून चार-पाच दिवस सायमा सरोवराच्या काठाकाठानं हिंडले. जिथे थांबतील तिथे लाकडी खोली, म्हणजे सौना. आत तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफ घ्यायची, अंगातून घामाच्या धारा लागल्या की पळत जाऊन तळ्यात उडी मारायची. मग बाहेर येऊन राईच्या पिठाचा काळा पाव, तळलेली बारीक मासळी, माशाचं सूप. साधारण पंचावन्न लाख लोकांच्या त्या देशात तीसेक लाख सौना आहेत असं सांगतात. २०२० साली युनेस्कोनं सौनाची परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. भाच्यानं फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, आपल्याकडे असं काही होतं का?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. आपल्याकडे घाम काढायला खोली बांधावी लागत नाही. मे महिन्यात अकोल्याला ये, फुकटात होईल."

तो हसला, मीही हसलो. मास्तर माणसाला एखादं वाक्य जमलं की पुढं विचार करायचं तो विसरतो, हा आमच्या धंद्याचा जुना रोग. तीन-चार दिवसांनी मला चरकसंहितेची आठवण झाली आणि मी वरमलो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वेदनावर आहे, म्हणजे घाम काढण्यावर. अग्नीच्या साहाय्यानं करायचे स्वेदाचे तेरा प्रकार तिथे सांगितले आहेत. त्यातला एक जेंताक. त्याची कृती मी पुन्हा काढून वाचली. आधी जागा निवडायची: माती काळी किंवा सोनेरी, आणि जवळ तळं किंवा पुष्करिणी. तळ्याला उतरायला नीट घाट हवा, जमीन सपाट हवी. पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतरावर खोली बांधायची. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप. तेव्हा हे अंतर दहा-अकरा फूट झालं. खोली गोल, मातीनं लिंपलेली, दार पाण्याच्या बाजूला. आत भिंतीला लागून एक हात रुंद आणि एक हात उंच ओटा, थेट दारापर्यंत फिरत गेलेला. मधोमध माणसाच्या उंचीची मातीची भट्टी, तिला बारीक बारीक छिद्रं. भट्टीत खैराची लाकडं पेटवायची. लाकडं पुरती जळली, धूर निघून गेला, नुसती ऊब उरली, की मग माणसाला आत पाठवायचं, अंगाला तेल लावून आणि वस्त्र पांघरून.

फिनलंडमध्ये जुन्या पद्धतीचा धुराचा सौना असतो. तिथेही हाच क्रम: आधी जाळ, मग धूर जाऊ द्यायचा, मग माणसं आत. हे त्यांनी आपल्याकडून घेतलं असं कृपा करून कोणी म्हणू नका. थंडी, लाकूड, पाणी आणि दुखरं अंग या चार गोष्टी जिथे आहेत तिथे माणूस आपापल्या वाटेनं अशा खोलीपर्यंत पोचतो.

मला त्या वर्णनातला वैद्याचा रोग्याशी होणारा संवाद फार आवडतो. वैद्य त्याला बजावतो की घामानं कितीही बेजार झालास, मूर्च्छा येईलसं वाटलं तरी ओटा सोडू नकोस. ओट्यावरून घसरलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. अंग हलकं झालं, घाम मोकळा वाहिला, जडपणा गेला, की ओट्याला धरूनच दारापाशी ये. पुढची सूचना तर भाच्याच्या प्रवासाला छेद देणारी आहे. बाहेर येऊन एकदम गार पाण्याला स्पर्श करू नकोस, डोळ्यांना जपायला हवं. थोडा वेळ थांब, शीण उतरू दे, मग कोमट पाण्यानं न्हा आणि मग जेव.

म्हणजे तळं आहे, काठावरची उष्ण खोली आहे, शेवटी जेवणही आहे. फक्त उडी नाही. घाट जवळ हवा म्हणणारा वैद्य त्या घाटावरून लगेच पाण्यात उतरू देत नाही.

आता ग्रंथातून आपल्या मातीवर येऊ. मी अचलपूरचा, जुन्या कागदपत्रांतल्या एलिचपूरचा. बहमनी काळात हे वऱ्हाडचं मुख्य ठाणं होतं, १४९०मध्ये फत्तुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला तेव्हापासून १५७४पर्यंत इथे इमादशाही होती. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फज्ल वऱ्हाडच्या सुभ्याचं वर्णन करतो तेव्हा एलिचपूर हे मोठं शहर आणि राजधानी म्हणून येतं. त्याच वर्णनात लोणारचं सरोवर आहे, आणि तिथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं सामान मिळतं अशी नोंद आहे. उल्केच्या आघातानं झालेलं हे सरोवर आज आपण विज्ञान म्हणून पाहतो, पण अकबराच्या कारभाऱ्याला त्यात साबण दिसला. हे माझ्या विषयाच्या सोयीचं आहे, म्हणून सांगून टाकलं.

अचलपूरच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर हौज कटोरा आहे. इथल्या बऱ्याच जणांनी तो लहानपणी सहलीत पाहिला असेल आणि डबा खाऊन परत आला असाल. मोठा गोल हौद आणि त्याच्या बरोबर मध्ये अष्टकोनी मनोरा. आज तीन मजले उभे आहेत, आणखी मजले होते ते पुढे कोणा नवाबानं दगडासाठी उतरवले असं सांगतात. बांधकाम बहमनी काळातलं मानतात. मजल्यामजल्याला कमानी, म्हणजे चारी बाजूंनी वारा, आणि खाली पाणी. पाण्यावरून येणारा वारा कमानीतून आत शिरतो आणि गार लागतो. अजून कूलरच्या ताट्या ओल्या करतो तेव्हा आपण दुसरं काय करतो?

मी तिथे उष्ण खोलीची खूण शोधली, ती मला दिसली नाही. अशी खोली पाहायची तर मेळघाट ओलांडून तापीकाठी बऱ्हाणपूरला जावं लागतं. तिथल्या शाही किल्ल्यात मुघलांचा हमाम आहे, छतावरचं रंगकाम अजून बरंच शिल्लक आहे. त्याच शहरात १६१५मध्ये सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणलं, त्याला कुंडी भंडारा म्हणतात. गरम पाणी, गार पाणी, वाफ, अत्तर, सगळा थाट. पण तो राजघराण्याचा थाट होता. हौज कटोऱ्याचा थाट वेगळा. जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे सुलतानाला मिरवायला गारवाच लागणार. इंग्रजांनीही तेच केलं. १८०३च्या डिसेंबरात वेलस्लीनं गाविलगड घेतला, आणि वीस वर्षांनी, १८२३मध्ये, कॅप्टन रॉबिन्सनला जवळच चिखलदरा सापडला. सापडला म्हणजे त्याला सापडला, कोरकूंना तो ठाऊकच होता. सुलतान गारव्यासाठी पाण्याच्या मध्ये जाऊन बसले, साहेब डोंगरावर जाऊन बसले.

इथवर आलो आणि मला वाटलं, माझं उत्तर अगदीच चुकलं नव्हतं. वऱ्हाडात उष्णतेची खोली नाही, गारव्याच्या इमारती आहेत. हे मी बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणजे या भाच्याच्या आईला. ती म्हणाली, "काहून नाही? आपल्या घरी होती ना. बाळंतिणीची खोली."

मंडळी, पन्नास वर्षं पुस्तकं वाचून मला जे दिसलं नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं. मी किल्ले धुंडाळत होतो.

बाळंतिणीची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. घरातली आतली, अंधारी खोली. खिडकी असली तर फडक्यानं बंद. बाळंतीण बाजेवर, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सकाळी तेल-हळद लावून अंग रगडायचं, मग चुलवणावर तापवलेलं कढत पाणी, आणि न्हाणं झालं की बाजेवर निजवून शेक. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, ऊद टाकून धुरी. घाम पुसायचा, कानाला फडकं बांधायचं. आणि वर खायला डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, तुपाची धार सोडलेला मऊ भात. उष्णता, पाणी आणि अन्न, तिन्ही क्रमानं. चरकाच्या तेरा प्रकारांतला कर्षूस्वेद असाच आहे: पलंगाखाली खड्डा, त्यात धूर नसलेले निखारे, वर रोगी. 'धूर नसलेले' हा शब्द आमच्या घरच्यांनी वाचला नव्हता. कोंडलेल्या खोलीतल्या शेगडीचा धूर आई-बाळाला वाईट, हे आता डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे. फिनलंडमध्येही पूर्वी बायका सौनातच बाळंत होत, आणि मेलेल्या माणसालाही तिथेच न्हाऊ घालत. भाच्याला हे तिथे सांगितलं होतं, मला सांगायचं तेवढं तो विसरला.

तेव्हा उष्ण खोली आपल्याकडे होती. ती गावाच्या तळ्याकाठी नव्हती, घराच्या पोटात होती, आणि बायकांची होती. म्हणून ती इतिहासात गेली नाही. निदान माझ्या इतिहासात गेली नाही.

आता पुढचं बोलताना मला थोडं जड जातं. त्या खोलीत शेक देणारी, कढत पाण्यानं न्हाऊ घालणारी कोण असायची? आमच्या गावची सुईण मांगवाड्यातली होती. पुष्कळ गावांत असंच होतं. मला या जगात आणलं ते तिनं, माझ्या अंगावर पहिलं पाणी घातलं तेही तिनं. आणि ते पाणी तिला आमच्या विहिरीवरून काढता येत नव्हतं. ते घरचं माणूस काढायचं, चुलवणावर चढवायचं. तापलं की मग ते तिच्या हातानं चालायचं.

माझी आजी विहिरीवर उंचावरून पाणी ओतायची. खाली घडा ठेवून वाट पाहत बसलेल्या बायकांच्या घड्यात. त्यात ती सुईणही असायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे घटना लागू होऊन दहा वर्षं होत आली होती. दोर ओढायला मी मदत करायचो आणि आपण पुण्याचं काम करतो आहोत असं मला वाटायचं. आजी वाईट नव्हती. कोणाचा घडा रिकामा परत जाऊ द्यायची नाही. पण दोर ती कोणाच्या हातात देत नव्हती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी दान आणि अधिकार यांतला फरक कांटच्या आधारानं शिकवला. त्यासाठी कांटपर्यंत जायची गरज नव्हती.

हा प्रश्न वऱ्हाडात नवा नाही. आमच्या भागात रिद्धपूर आहे, महानुभावांचं तीर्थ. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू होते, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात एक लीळा आहे. मातंगांना पाणी मिळत नव्हतं. ते गोसाव्यांकडे विनवणी घेऊन आले. त्यांनी जागा दाखवली, तिथे खणलं, विहिरीला पाणी लागलं. चमत्कार म्हणून ही लीळा सांगतात. मला त्यातली विनवणी जास्त महत्त्वाची वाटते. गावात विहिरी असताना माणसांना वेडा समजल्या जाणाऱ्या साधूकडे पाणी मागायला जावं लागलं, आणि लिहिणाऱ्याला ते लिहून ठेवावंसं वाटलं. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांमध्ये ही तक्रार आहे.

आजी पौषात ऋणमोचनला जायची. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचं देऊळ आहे, पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. पौषातली पहाट म्हणजे दात वाजतात अशी थंडी. त्यात नदीत बुडी. भाच्याच्या तळ्यातल्या उडीचं आपलं रूप ते हे. आणि नावच ऋणमोचन, म्हणजे ऋणातून सुटका. आजी बुडी मारून कर्ज फेडून यायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर पुन्हा उंचावरून पाणी ओतायची.

पूर्णेचा काठ काळ्या मातीचा. ओला झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो आणि घसरतो. म्हातारीकोतारी माणसं तिथे कशी उतरत असतील? त्या जागी घाट व्हावा असं ज्याच्या मनात आलं तो माणूस म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, आपले गाडगेबाबा. जन्म १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परीट. १९०५मध्ये घर सोडलं आणि १९०८च्या सुमारास पूर्णेवर घाट उभा राहिला. पुढे धर्मशाळा, सदावर्तं, शाळा असं पुष्कळ झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण सुरुवात पायऱ्यांपासून आहे याच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मला ते अगदी स्वाभाविक वाटतं. परटाचं उभं आयुष्य काठावर जातं. इतर लोक नदीवर पुण्यासाठी वर्षातून एकदा जातात, परीट रोज दुसऱ्यांचा मळ घेऊन जातो. काठ कुठे खचतो, कुठे दगड हवा, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? चरकानं जेंताकासाठी जागा निवडताना 'नीट घाट असलेलं तळं' अशी अट घातली होती. तो घाट बांधायचा कोणी, हे तिथे लिहिलेलं नाही.

घाट झाला म्हणून पाणी सर्वांचं झालं असं नाही. मार्च १९२७मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यामागे मुंबई कौन्सिलातला १९२३चा बोले ठराव होता. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्यप्रांत-वऱ्हाड असा आपला वेगळा प्रांत. इथे तो ठराव लागू नव्हता, इथे वेगळं भांडावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेसाठी बाबासाहेब आले, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा तेव्हा पेटलेला होता. आणि त्या लढ्यात पंजाबराव देशमुख होते. वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहून हा पापळचा माणूस परत आला, १९२८मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला, आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आमच्यासारखे लोक प्रबंध लिहून वेतनश्रेणी वाढली का ते पाहतात. असो.

विहिरी खुल्या झाल्याचा कागद १९२८-३०च्या सुमाराचा आहे. मी दोर ओढत होतो ते त्यानंतर तीस वर्षांनी. कागद आमच्या विहिरीपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर मला सरकारी दप्तरात शोधायची गरज नाही. दोर आमच्याच हातात होता.

या पौषात भाचा बायकोला घेऊन आला. म्हणाला, मामा, आता तुमच्या बाजूची सहल करू. पहाटे निघालो. आधी हौज कटोरा, धुक्यात मनोऱ्याचे वरचे कठडे दिसत नव्हते. मग पूर्णेकडे खाली. वाटेत दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. बहिरमची यात्राही याच दिवसांत भरलेली असते, तिथलं हंडीतलं मटण प्रसिद्ध आहे, पण बहिणीनं बजावलं होतं की आज रोडगेच.

ज्यांना रोडगा माहीत नाही त्यांच्यासाठी. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, तेल लावून एकात एक पापुद्रे घालत गोळे वळायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर झाला, धूर पुरता गेला, की गोळे आरात पुरायचे. ही धूर जाऊ देण्याची अट इथेही आहे, बघा. तासभर लागतो. बाहेर काढून राख झटकायची, मुठीनं फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नदीकाठी, उघड्यावर, थंडीत. राईच्या पावाची आठवण भाच्याला आली की नाही ते मी विचारलं नाही.

तो घाटावरून खाली गेला आणि पाण्यात उतरला. सून पायरीवर बसून पाय सोडून होती. मी चरकाचा आधार घेऊन आरापाशीच बसलो. तो ओल्या अंगानं वर आला, टॉवेल घेतला, आराजवळ हात शेकले. मी त्याला विहिरीचं आणि सुईणीचं सांगत होतो. म्हटलं, तिनंच तुझ्या आईलाही न्हाऊ घातलं होतं.

त्यानं विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मला येईना. घरात तिला नावानं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. 'ती आली का', 'तिला बोलवा', एवढंच. तिथूनच बहिणीला फोन लावला. तिलाही आठवलं नाही. ती म्हणाली, मांगवाड्यात तिची नातवंडं असतील, विचारून पाहते. तिनं विचारलं आहे, अजून निरोप आलेला नाही. नाव कळलं की पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगेन.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे. हं, बोला.